सिराजला सोडलं ते बरोबर की चूक?

२ एप्रिल २०२५ ची संध्याकाळ. बुधवार होता. एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी टीव्ही मिळत नाही, पण आरसीबीचा या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता म्हणून हाउसमास्तर सरांनी पहिल्या डावापुरती परवानगी दिली होती. मनोरंजन कक्षात जागा मिळेल तिथे आम्ही बसलो होतो. आपल्या शाळेत देशभरातली मुलं आहेत, पण बंगळुरूत राहून राहून त्यांतली निम्मी तरी आरसीबीची झाली आहेत. मी मूळचा कराडचा. सहावीपासून इथे आहे, त्यामुळे माझाही संघ आरसीबी. घरी गेलो की मुंबईवाले चुलत भाऊ यावरून मला छळतात, ती गोष्ट वेगळी.

गोलंदाजी करत होता मोहम्मद सिराज. सात मोसम तो आरसीबीच्या लाल जर्सीत आमच्यासाठी धावत यायचा. आता तो गुजरातच्या निळ्या जर्सीत होता. त्याने देवदत्त पडिक्कलचा त्रिफळा उडवला. मग फिल सॉल्टने त्याला एक प्रचंड षटकार मारला, खोली दणाणली, आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच सॉल्टचाही त्रिफळा उडाला. पुढे लिव्हिंगस्टनलाही त्यानेच बाद केलं. चार षटकं, १९ धावा, ३ बळी. आरसीबीच्या १६९ धावा गुजरातने फक्त दोन गडी गमावून पार केल्या आणि सामनावीर ठरला सिराज.

सॉल्टची यष्टी उडाली तेव्हा खोलीतली दहा-बारा मुलं टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होती. कारण ऑक्टोबरमध्ये, कोणत्या खेळाडूंना ठेवायचं आणि कोणाला सोडायचं यावर आमच्या डॉर्मिटरीत वाद पेटला होता तेव्हा फळ्यावर खडूने 'सिराज : सोडा' असं मोठ्या अक्षरांत लिहिणारा मी होतो. संघाने खरंच त्याला सोडलं, तेव्हा मी कॉलर ताठ करून फिरलो होतो.

त्या रात्री दिवे मालवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. आपण कशाच्या आधारावर ते लिहिलं होतं, हे आठवून पाहिलं. नीट काही आठवेना. म्हणून पुढचे काही दिवस वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं काढून बसलो आणि वहीत आकडे मांडले. हा लेख त्या वहीतून तयार झाला आहे.

ज्या पालकांनी आयपीएलचा लिलाव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी नियम सांगतो. दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि त्याआधी प्रत्येक संघाला जवळजवळ रिकामं व्हावं लागतं. यावेळचा लिलाव २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला सौदी अरेबियात, जेद्दाहला झाला. संघ दहा. प्रत्येकाकडे खर्चायला १२० कोटी रुपये. आपल्या जुन्या खेळाडूंपैकी जास्तीत जास्त सहा जण राखता येतात. त्यांची यादी ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायची होती, आणि राखलेल्या खेळाडूंचे पैसे याच १२० कोटींतून वजा होतात. भारताकडून किंवा दुसऱ्या देशाकडून खेळलेल्या खेळाडूंसाठी पायऱ्या ठरलेल्या होत्या : पहिल्याला १८ कोटी, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ११, मग चौथ्याला पुन्हा १८ आणि पाचव्याला पुन्हा १४. देशाकडून न खेळलेल्याला ४ कोटी. म्हणजे तिघांच्या पुढे गेलात की भाव परत चढतो. हा नियम ज्याने काढला तो माणूस आमच्या मेसचा हिशेब ठेवायला पाहिजे होता.

आरसीबीने तिघांनाच ठेवलं. विराट कोहली २१ कोटी, रजत पाटीदार ११ कोटी, यश दयाल ५ कोटी. एकूण ३७. उरले ८३ कोटी. एवढ्या पैशांत संघ किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ जणांचा करायचा, त्यांत परदेशी आठपेक्षा जास्त नकोत, आणि मैदानावर एका वेळी त्यांतले चारच.

शिवाय एक कार्ड असतं. तुमचा जुना खेळाडू लिलावात दुसऱ्या संघाने घेतला, तर ते कार्ड दाखवून तुम्ही 'हा आमचाच' म्हणू शकता. पण यावेळी त्यात नवी मेख होती. तुम्ही कार्ड काढलंत की समोरच्या संघाला बोली आणखी एकदा, हवी तेवढी वाढवता येते. ती किंमत तुम्हाला परवडली तरच खेळाडू तुमचा.

आमच्या वादांत यातलं काहीही नसतं. आमच्यात जो तो एकेक खेळाडू धरून बसतो. 'ह्याला ठेवायलाच पाहिजे.' 'आणि त्याला कसं काय सोडता?' एकदा गणिताच्या तासानंतर मी गंमत म्हणून सगळ्यांच्या 'ठेवायलाच पाहिजे' ची बेरीज केली, तर ती दीडशे कोटींच्या पुढे गेली, आणि अजून यष्टिरक्षक यायचा होता.

आता सिराजचा हिशेब. कोहली आणि पाटीदार मिळून ३२ कोटी झाले, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या संपल्या. सिराज तिसऱ्या पायरीवर ११ कोटींना राखता आला असता. तसं केलं असतं तर हातात ७२ कोटी राहिले असते. संघाने त्याला लिलावात जाऊ दिलं. तिथे त्याचं नाव लवकर आलं, तोपर्यंत आरसीबीने एकही खेळाडू घेतला नव्हता, पूर्ण ८३ कोटी शिल्लक होते. गुजरातने १२ कोटी २५ लाखांपर्यंत बोली नेली. आरसीबीला विचारलं, कार्ड वापरणार का? नाही म्हणाले. मग त्यांनी जोश हेझलवूडला १२ कोटी ५० लाखांना आणि भुवनेश्वर कुमारला १० कोटी ७५ लाखांना घेतलं.

म्हणजे खरा प्रश्न 'सिराज चांगला की वाईट' हा नव्हताच. प्रश्न असा होता : ११ कोटींत सिराज, की पावणेअकरा कोटींत भुवनेश्वर? भुवनेश्वर सिराजपेक्षा चार वर्षांनी मोठा, वेग कमी, पण शेवटच्या षटकांत डोकं शांत. ७ एप्रिलला वानखेडेवर तो ड्वेन ब्राव्होला मागे टाकून आयपीएलमध्ये सर्वाधिक बळी घेणारा वेगवान गोलंदाज झाला. त्या दिवशी मी फळ्यावर काहीतरी लिहायला गेलो होतो, पण खडू उचलून परत ठेवला.

आता मी ऑक्टोबरमध्ये सिराजविरुद्ध जे मुद्दे मांडले होते त्याबद्दल. माझा मुख्य मुद्दा होता की तो फार धावा देतो. २०२२ च्या मोसमात त्याच्या गोलंदाजीवर ३१ षटकार गेले होते आणि बळी मिळाले होते फक्त ९. हा आकडा मला तोंडपाठ होता. पण पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, त्याने १९ बळी घेतले आणि २०२४ मध्ये १५, हे मला माहीत असूनही मी बोललो नव्हतो. वादात आपण आपल्या बाजूचेच आकडे काढतो. समोरचाही तेच करतो, त्यामुळे सगळं बरोबर चाललंय असं वाटतं.

आणि धावा कुठे दिल्या, हेही बघायला हवं. चिन्नास्वामी मैदान लहान आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हवा थोडी विरळ आणि चेंडू थोडा जास्त लांब जातो. मुंबई किंवा चेन्नईत सीमारेषेवर झेल होणारा फटका इथे प्रेक्षकांत पडतो. १५ एप्रिल २०२४ ला हैदराबादने याच मैदानावर २८७ धावा केल्या आणि आरसीबीने उत्तरात २६२. त्या दिवशी आरसीबीच्या चार गोलंदाजांनी प्रत्येकी पन्नासहून जास्त धावा दिल्या. त्यांत सिराज नव्हता, त्याला त्या सामन्यात बसवलं होतं. ज्याला वर्षातले निम्मे सामने अशा मैदानावर खेळायचे आहेत त्याचे आकडे चेन्नईच्या गोलंदाजाशेजारी ठेवून बघणं म्हणजे आपल्या क्रॉस-कंट्रीचा वेळ सपाट ट्रॅकवरच्या वेळेशी जुळवण्यासारखं आहे. आपल्या मार्गावर चढ किती आहे, ते कॅडेटांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट मला फायरिंगवरून कळली. गेल्या वर्षी रेंजवर पॉइंट टू-टू रायफलने माझी पहिली गोळी टार्गेटच्या पार कोपऱ्यात गेली. मी लगेच म्हणालो, 'उस्ताद, रायफल खराब आहे.' उस्ताद म्हणाले, 'एका गोळीवरून रायफलला नाव ठेवू नकोस. पाच झाड, मग दाखव.' पाच गोळ्या जवळजवळ पडल्या की त्याला ग्रुपिंग म्हणतात, आणि त्या पाचांचा मध्य कुठे आहे ते पाहून मगच नेम सुधारायचा असतो. एकच गोळी बघून साइट फिरवली तर पुढचीही चुकते. आयपीएलच्या साखळीत एक गोलंदाज १४ सामन्यांत जास्तीत जास्त ५६ षटकं टाकतो, म्हणजे ३३६ चेंडू. आम्हाला त्यांतले किती आठवतात? फार तर दहा-बारा, आणि तेही ज्यांवर षटकार गेला तेच. निर्धाव चेंडू कुणाला आठवतो?

हे सगळं आकड्यांचं झालं. पण माझ्या वहीत एक पान असं आहे जिथे आकडे नाहीत.

५ एप्रिल २०१९ ला चिन्नास्वामीवर आरसीबीने कोलकात्याविरुद्ध २०५ धावा करूनही सामना गमावला. आंद्रे रसेलने १३ चेंडूंत ४८ धावा कुटल्या. सिराजच्या हातून दोन चेंडू कमरेच्या वर फुलटॉस सुटले, पंचांनी त्याला षटक पूर्ण करू दिलं नाही, आणि त्याची गोलंदाजी सव्वादोन षटकांतच संपली, ३६ धावा देऊन. त्या काळात लोकांनी त्याला काय म्हटलं ते त्याने स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. 'क्रिकेट सोड आणि जा, बापाबरोबर रिक्षा चालव.' त्याचे वडील हैदराबादमध्ये रिक्षा चालवत होते. त्या रिक्षाच्या कमाईवर त्यांनी मुलाला क्रिकेट खेळू दिलं.

पुढच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर २०२० ला अबुधाबीत, त्याच कोलकात्याविरुद्ध सिराजने चार षटकांत ८ धावा देऊन ३ बळी घेतले. दोन षटकं निर्धाव. आयपीएलच्या एका सामन्यात दोन निर्धाव षटकं टाकणारा तो पहिला गोलंदाज. महिनाभरात तो भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होता आणि तिथे त्याला वडील गेल्याचं कळलं. परत जायची मुभा होती. तो थांबला. मेलबर्नला कसोटी पदार्पण केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला गाबा मैदानावर एका डावात पाच बळी घेतले. भारत ती मालिका जिंकला. हैदराबादला उतरल्यावर तो विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीपाशी गेला.

हे वाचताना मी वाचनालयात बसलो होतो आणि मला ऑक्टोबरमधलं माझंच वाक्य आठवलं. फळ्यावर लिहून झाल्यावर मी मागे वळून मोठ्याने म्हणालो होतो, 'जा म्हणावं, रिक्षा चालव.' सगळे हसले होते. मला तेव्हा ते वाक्य कुठून आलं हे माहीतही नव्हतं. कुठेतरी ऐकलं होतं, ते पुढे ढकललं.

माझे बाबा सैन्यात ड्रायव्हर आहेत. अठरा वर्षं तीन टनी चालवतायत.

रविवारी फोनवर बाबांना हे सांगितलं. वाटलं, रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'कॉनव्हॉय उशिरा पोचला की पहिल्या शिव्या ड्रायव्हरलाच बसतात रे. रस्ता कुणी बघत नाही.' मग आईला फोन दिला.

दडपण म्हणजे काय, ते मला थोडंसं माहीत आहे. जानेवारीत आंतर-हाउस सामन्याच्या शेवटच्या षटकात ९ धावा वाचवायच्या होत्या आणि चेंडू माझ्या हातात होता. यॉर्कर टाकायचा असं ठरवलं होतं. यॉर्कर फलंदाजाच्या पायाशी पडला तर मारता येत नाही, पण हातभर अलीकडे पडला की तो बॅटवर येतो आणि थोडा पुढे गेला की फुलटॉस होतो. सरावात मला तो दहापैकी सहा वेळा जमतो. त्या दिवशी बोटं घामाने ओली, छातीत धडधड, आणि चेंडू हातातून एका क्षणाने उशिरा सुटत होता. दोन वाइड, एक फुलटॉस, चौकार, संपलं. रात्री मेसच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, 'ह्याला कशाला दिलं शेवटचं षटक?' हाउस कॅप्टन माझ्या पुढेच उभा होता. त्याने ऐकलं, पण काही बोलला नाही. त्याच्याकडे दुसरा कुणी उरलाच नव्हता, बाकीच्या तिघांची षटकं संपली होती. ते रांगेतल्या कुणाला माहीत नव्हतं आणि ती काही मेसमध्ये उलगडून सांगायची गोष्ट नव्हे.

माझ्यासमोर पन्नास मुलं होती. चिन्नास्वामीवर तीस हजारांच्या वर असतात.

लोकांचं हे असं वागणं आयपीएलमुळे आलंय असं काही शिक्षक म्हणतात. मला तसं वाटत नाही. अजित वाडेकर यांचंच बघा. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्येही. मुंबईत जंगी स्वागत झालं. १९७४ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये भारत ३-० ने हरला, लॉर्ड्सवर एका डावात ४२ धावांत गारद झाला. लोकांनी वाडेकरांच्या घरावर दगड मारले. नंतर त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि ते निवृत्त झाले. तीन वर्षांचं अंतर, घर तेच. उलट बाजूही आहे. १९७३ मध्ये कानपूरच्या कसोटीतून सलीम दुराणींना वगळलं तेव्हा 'दुराणी नाही तर कसोटी नाही' अशा घोषणा झाल्या, आणि पुढच्या मुंबईच्या कसोटीत त्यांना परत घ्यावं लागलं. तेव्हा लिलाव नव्हता, पर्स नव्हती. वाद हेच होते.

आणि बंगळुरूत राहुल द्रविड. मराठी पानावर त्याच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. घरात मराठी, शिक्षण बंगळुरूत, हा संघ निघाला तेव्हा पहिला कर्णधार तोच. २००८ मध्ये आरसीबीने कॅलिस, वसीम जाफर, चंद्रपॉल, कुंबळे अशी माणसं घेतली. लोकांनी 'कसोटी संघ' म्हणून टर उडवली. १८ एप्रिल २००८, आयपीएलचा अगदी पहिला सामना, चिन्नास्वामीवरच. ब्रेंडन मॅकलमच्या नाबाद १५८, आरसीबी सर्वबाद ८२. संघ आठांत सातवा आला, मोसम चालू असतानाच मुख्य अधिकाऱ्याला काढलं आणि संघाच्या मालकाने उघडपणे खेळाडूंच्या निवडीचं खापर द्रविडवर फोडलं. त्या मोसमात आरसीबीकडून सर्वाधिक धावा कुणाच्या होत्या? द्रविडच्याच, ३७१. पुढच्या वर्षी कर्णधारपद गेलं, आणि २०११ च्या लिलावाआधी संघाने फक्त कोहलीला ठेवलं. कोहली तेव्हा बावीस वर्षांचा होता. द्रविड राजस्थानकडे गेला. तेव्हाच्या लोकांनीही डोक्याला हात लावला असणार. आज त्या निर्णयाला चूक कोण म्हणेल? पण द्रविडशी मालक जसं बोलले ते बरोबर होतं असंही कुणी म्हणणार नाही. मला सिराजच्या बाबतीत हेच म्हणायचं आहे. त्याला सोडण्याचा निर्णय हिशेबाने पटण्यासारखा होता. मी जे बोललो ते नव्हतं. या दोन गोष्टी मी एकच समजत होतो.

याद्या तरी किती खऱ्या असतात? आज आमचा कर्णधार असलेला रजत पाटीदार २०२२ च्या लिलावात कुणालाच नको होता. लवनीत सिसोदिया जखमी झाला म्हणून त्याला २० लाखांत बोलावलं, आणि त्याने बाद फेरीत लखनौविरुद्ध नाबाद ११२ धावा केल्या. क्रिस गेलही २०११ च्या लिलावात विकला गेला नव्हता. डर्क नॅनसच्या जागी आला आणि पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं. युझवेंद्र चहलला सोडलं, त्याने २०२२ मध्ये राजस्थानसाठी २७ बळी घेऊन पर्पल कॅप मिळवली. विल जॅक्ससाठी कार्ड वापरलं नाही म्हणून नोव्हेंबरमध्ये आमच्या डॉर्मिटरीत जवळजवळ मारामारी झाली होती. आता त्याचं नावही कुणी काढत नाही. आणि अमरावतीचा जितेश शर्मा. ११ कोटींना घेतला तेव्हा बाकीची मुलं म्हणाली, 'एवढे?' आम्ही मराठी मुलं मात्र खूश. त्याला लहानपणी क्रिकेटपटू व्हायचंच नव्हतं, संरक्षण दलात जायचं होतं, हे कळल्यापासून तर तो आमचाच माणूस झाला. (त्याच्याबद्दल मी निःपक्षपाती लिहू शकणार नाही, म्हणून इथेच थांबतो.)

एप्रिलमध्ये एक विचित्र गोष्ट घडत होती. आरसीबी बाहेर जिंकत होती आणि घरी हरत होती. कोलकाता, चेन्नई, मुंबई, जयपूर, चारही ठिकाणी विजय. चेन्नईत तर २००८ नंतर पहिल्यांदा. आणि चिन्नास्वामीवर २ एप्रिलला सिराजने हरवलं, १० एप्रिलला के. एल. राहुलने. राहुल कर्नाटकचा मुलगा, एकेकाळी आरसीबीत होता, आता दिल्लीकडून नाबाद ९३ धावा केल्या. जिंकल्यावर त्याने बॅटने जमिनीवर वर्तुळ काढलं आणि बॅट मधोमध रोवली. हे माझं मैदान आहे. १८ एप्रिलला पावसाने १४ षटकांचा झालेला सामना पंजाबने नेला. तीन सामने, तीन पराभव. कुणी म्हणे खेळपट्टी बदललीय, कुणी म्हणे नाणेफेक. तिन्ही वेळा नाणेफेक हरून आधी फलंदाजी करावी लागली होती, त्यामुळे त्यात तथ्य आहेच. पण मला वाटतं आपल्याच लोकांसमोर हरण्याची भीतीही त्यात थोडी असणार. परक्या मैदानावर फार तर शिट्ट्या मारतात. घरी मेसची रांग असते.

२४ एप्रिलला चौथा घरचा सामना होता, राजस्थानविरुद्ध. समोरच्या संघाचा प्रशिक्षक राहुल द्रविड. आम्हाला पहिला डाव दिसला, २०५ धावा, मग दिवे बंद. रात्रभर डोक्यात तेच. सकाळी पीटीच्या फॉल-इनमध्ये उस्तादांनी 'सावधान' च्या आधीच सांगून टाकलं. राजस्थानला १२ चेंडूंत १८ धावा हव्या होत्या, हातात गडी होते, आणि एकोणिसावं षटक हेझलवूडने टाकलं. सहा चेंडू, एक धाव, दोन बळी. आरसीबी ११ धावांनी जिंकली. याच हेझलवूडला आम्ही नोव्हेंबरमध्ये 'दुखापतवाला' म्हणत होतो आणि साडेबारा कोटी पाण्यात गेले असं ठरवून मोकळे झालो होतो.

नाश्ता करून वर आलो तर डॉर्मिटरीच्या फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'सिराज पण हवा, हेझलवूड पण हवा.' अक्षर साताऱ्याच्या मित्राचं होतं, लपत नाही. मी खाली ११ अधिक १२.५ असं मांडून २३.५ लिहिलं, शेजारी भुवनेश्वरचं नाव लिहिलं आणि त्यावर काट मारली. त्याने हातातून खडू घेतला, काट पुसली आणि जितेशच्या नावावर मारली. मग मात्र मी त्याचा हात धरला. तेवढ्यात पहिल्या तासाची घंटा झाली.